शिवणीत गेलेला सेंटिमीटर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं छोटे, तू होय! थांब, वारा फार आहे इथे… टोपी जरा कानावर ओढते… हं, बोल आता.

नाही, दुकानात नाहीये. तलावावर आहे… रविवार ना आज. आमच्या स्पर्धेचा शेवटचा रविवार… 'कसली स्पर्धा' काय? आठ महिने तुला सांगतेय मी! पालथ्या घड्यावर पाणी… होड्यांची नाही गं, माशांची. कायाकमध्ये बसायचं… कायाक म्हणजे एकट्याची चिंचोळी होडी… त्यात बसून गळ टाकायचा, मासा काढायचा, पट्टीवर ठेवायचा, फोटो काढून मला पाठवायचा, आणि मासा परत पाण्यात… हो, परत. कुणी खात नाही… बरं, वेडे आम्ही. तू कशाला फोन केलास ते सांग.

दादा?… नाही उचलणार तो.

तुझाही नाही उचलणार. कुणाचाच उचलत नाहीये कालपासून… वहिनी म्हणाली? काय म्हणाली?… काल दुपारपासून?… काहीच नाही खाल्लं?… हं.

नाही, तब्येत बरी आहे त्याची. माझ्यामुळे आहे ते… अगं माझ्यामुळे म्हणजे माझ्यामुळेच. दुसरं कोण.

इथेच आहे तो, दिसतोय मला. पार पलीकडच्या काठाला, लाल टोपी. सकाळी सहापासून पाण्यात आहे… माझ्या पुढ्यातून गेला गं. मी म्हटलं, 'दादा, चहा घे.' जसा काही मी खांब आहे तिथला.

भांडण नाही झालं. भांडण झालं असतं तर बरं होतं.

सांगते. पण मध्ये बोलायचं नाही… बोलणार तू, माहितेय मला. ऐक. मासा मोजायची पट्टी असते ना, ती लाकडी होती पूर्वी. एखादी लाट आली की गेली पाण्यात. मग मलाच हौस. म्हटलं, मी शिंपीण असताना लाकडाचं काय काम, मी शिवून देते रेक्झिनची. गुंडाळली की खिशात… कुणी सांगितलं नव्हतं गं. हात दाखवून अवलक्षण. साठ सेंटिमीटरची पट्टी करायची होती आणि रेक्झिनचे तुकडे निघाले लहान. सोफ्याच्या कामातून उरलेलं कापड ते. मग तीस-तीसचे दोन तुकडे जोडले. खुणा आधी रंगवल्या आणि मग…

हो ना! बघ, तुला कळलं! बटण लावता येत नाही तुला, पण तुला सुद्धा कळलं! एका तुकड्याला शिलाईची माया सोडली, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, आणि दुसऱ्याला विसरले. एक सेंटिमीटर गेला शिवणीत… आकडे सगळे आहेत गं, अंतर नाहीये. तिसावर शिवण आणि शिवणीला लागून एकतीस. म्हणजे तिसाच्या आतला मासा बरोबर मोजला जाणार, आणि तिसाच्या वरचा प्रत्येक मासा एकाने मोठा दिसणार.

एकवीस. एकवीस पट्ट्या एका बैठकीत शिवल्या. सगळ्या सारख्या चुकल्या, तेवढा हात बसलेला आहे माझा… हस, हस.

नाही ना कळलं कुणाला. आठ महिने नाही कळलं. मलाही गुरुवारी कळलं. एक कोट आला होता, बाही अठ्ठावन्न सेंटिमीटर. टेप सापडेना… गळ्यातच होता, ते सोड… समोर माझ्या वाटणीची पट्टी पडली होती, तिनेच मापलं आणि कापलं. गिऱ्हाईक आलं, हात घातला, तर मनगट बाहेर. छोटे, तीस वर्षांत माझी बाही आखूड झाली नव्हती. तो गेल्यावर पट्टीला टेप लावला. तिसाच्या पुढे एक सेंटिमीटर कमी.

दादाचा काय संबंध? अगं दादा पहिला होता!

हो, आपला दादा! विश्वास नाही ना बसत? सहा वर्षं चाललीय स्पर्धा, आधीची पाचही वर्षं हा शेवटून दुसरा. लोकांची पत्रं वाटता वाटता म्हातारा झाला, पण कशात म्हणून पहिला आला नाही. शाळेत नाही, नोकरीत नाही… आणि यंदा दोन सेंटिमीटरने पुढे! माझ्या दुकानात भिंतीवर तक्ता असतो, रोज यायचा बघायला. चष्मा पुसायचा, बघायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मला इतकं बरं वाटायचं गं.

बक्षीस कसलं, जुनं वल्हं आहे एक, रंगवलेलं. त्यावर नाव लिहायचं आणि वर्षभर घरी टांगायचं. बस. त्याने खिळा मारून ठेवला होता घरी… हो ना, वहिनीने मला सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीच मारला. दिवाणखान्यात.

गणित काय, सोपं आहे. दर महिन्याला ज्याचा त्याचा सगळ्यात मोठा मासा धरायचा, आठ महिन्यांची बेरीज. दादाचे आठही मासे तिसाच्या वरचे. गेले आठ सेंटिमीटर. दोन नंबरला होता तो दातवाला डॉक्टर, त्याचे पाचच वरचे, तीन बारके. त्याचे गेले पाच. दादा दोनने पुढे होता तो एकने मागे… बरोबर बोललीस. प्रत्येक महिन्याला मोठा मासा पकडला म्हणून हरला.



काय?… गप्प बसायचं?

हो, कुणाला कळलं नसतं. आजच्यानंतर सगळ्या पट्ट्या गोळा करून भट्टीत घातल्या असत्या तर जन्मात कळलं नसतं. तुला काय वाटतं, माझ्या डोक्यात आलं नाही? गुरुवार, शुक्रवार दुसरं होतं काय डोक्यात! दुसरा कुणी पहिला असता ना छोटे, तर कदाचित बसलेही असते गप्प. खरं सांगते. मैत्रीची स्पर्धा, एका सेंटिमीटरने कुणाचं काय अडतंय. पण पहिला कोण, तर माझा भाऊ. पट्टी कुणी शिवली, तर मी. कसं बसू गप्प?

नाही. त्याला आधी नाही सांगितलं.

ओरडू नकोस… अगं ऐक ना… ओरडू नकोस म्हणते ना! चुकलंच माझं. काल दुपारी बारा वाजता सगळ्यांना एकदम पाठवलं, ग्रुपवर, नव्या तक्त्यासकट. त्यालाही तिथेच कळलं. जेवायला बसला होता म्हणे.

कारण त्याला आधी सांगितलं असतं, तर तो म्हणाला असता, नको सांगूस. आणि मी ऐकलं असतं.

हं.

एक मिनिट हं… काय हो? निघालात? अहो पाचपर्यंत थांबा की… बरं. बरं, या… जुळे भाऊ आहेत आमचे, निघाले. म्हणतात, मासाच नाही. खोटं आहे, नजर चुकवून गेले… इथे कुणी नाही आता. एकवीसमधले पाच आले होते सकाळी, त्यातले दोन हे. उरलो मी, दादा आणि दातवाला. तो गाडीत बसून कॉफी पितोय. होडी उतरवलीच नाही त्याने, त्याला काय गरज.

लोक काय म्हणणार, म्हणाले ना. सात जण ग्रुप सोडून गेले कालच्या काल. दातवाल्याने लिहिलं, 'भावासाठी बहीण एवढं तर करणारच,' आणि पुढे हसणारं तोंड… म्हणजे मी मुद्दाम तशी पट्टी शिवली, आणि आता अंगाशी आलं म्हणून कबूल केलं. अगं, चोरी करायची असती तर एकट्या दादाचीच नसती का चुकवली? पण हे कुणाला सांगू? दादासुद्धा एक शब्द बोलला नाही त्यावर. गेला ग्रुप सोडून.

पुढच्या वर्षी कसलं काय! संपलं हे. सहा वर्षं रविवार कसे गेले कळलं नाही मला… हो, येईन तुझ्याकडे. येईन गं. रविवारी काय करू नाहीतर, दुकानात बसून भिंत बघू?

त्याला संधी आहे अजून. आज पाच वाजेपर्यंत मोजलेलं चालतं. या महिन्याच्या त्याच्या माशापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा मिळाला की झालं, पुन्हा एकने पुढे. म्हणून तर बसलाय… साडेचार होऊन गेले. या वाऱ्यात मासा गळाकडे ढुंकून बघत नाही… नाही, आज स्टीलची पट्टी. आज सकाळी मीच वाटल्या सगळ्यांना. घेतली त्यानेही. माझ्या हातातून नाही घेतली, ओट्यावर ठेवली तेव्हा उचलली.

'थोडी ढिली मोज' काय! छोटे, अजून शहाणी झाली नाहीस का तू? एवढी मी सांगतेय…

थांब.

थांब थांब थांब. गळाची काठी वाकली त्याची… अगं वाकलीय! पार पाण्यापर्यंत! होडी वळतेय त्याची, ओढतोय मासा… मोठा आहे. छोटे, मोठा आहे गं!… हळू दादा, हळू, सैल सोड… ऐकू कसलं जातंय त्याला, मी आपली ओरडतेय… दातवाला उतरला गाडीतून. बघ म्हणावं! डोळे भरून बघ!

जाळी घातली… घातली खाली… आला! आला वर! अगं केवढा! कोपरापासून बोटांपर्यंत आहे, इथून दिसतोय मला, चाळिसाच्या घरातला आहे, दोन कसले, पाच-सहाने पुढे जाईल हा!… रडत नाहीये, वारा आहे. मांडीवर घेतलाय त्याने. आता पट्टी काढेल… काढ ना रे… खिशात आहे…

नाही, अजून नाही. बघत बसलाय नुसता.

पट्टी काढ, दादा! पट्टी!

…

सोडला.

सोडला गं. पाण्यात.

नाही मोजला… नाही, निसटला नाही. दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला पाण्यात, आपण बाळाला ठेवतो तसा. फोटो नाही, काही नाही.

मला काय विचारतेस का ते!… परत येतोय. गळ गुंडाळला. येतोय इकडेच.

दातवाला? तो बसला परत गाडीत. काच वर केली.

अगं किती वाजले… सात मिनिटं आहेत अजून. सात मिनिटांत काय होणार आहे.

आला. काठाला लागला… दादा. दादा, अरे मोजला का नाहीस? मी बघितलं ना. अरे सगळं तुझं होतं रे…

काय म्हणाला? म्हणाला, 'आता कशाला.'

एवढंच. कालपासूनचे पहिले दोन शब्द… रागाने नाही गं. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते.

देते, देते… दादा, छोटीचा फोन आहे. घे ना. तुझी काळजी करतेय ती. माझ्याशी नको बोलूस, तिच्याशी तर बोल… नाही घेत. मान हलवतोय.

होडी वर काढतोय… अगं ओली होडी एकट्याला नाही झेपत, सकाळी जुळ्यांनी हात लावला होता. थांब, मी जाते… दादा, थांब, मी धरते मागून. थांब म्हणते ना, कंबर धरेल तुझी… हं, धरलं. एका हातात तू आहेस, दुसऱ्या हाताने धरलंय… चल दादा, उचल.

…

सोडून दिलं त्याने.

पुढचं टोक. ठेवलं नाही, सोडलंच हातातून. चालायला लागला… दादा! अरे होडी!… दादा!

नाही बघत मागे.

हो, ऐकतेय. ऐकतेय मी… होईल शांत, हो. तू म्हणतेस तर होईल… नाही होणार गं. तुझ्यापेक्षा मी जास्त ओळखते त्याला. तू वहिनीला फोन कर, म्हणावं, घरी येतोय, पान वाढून ठेव. माझं नाव काढू नकोस… आणि तो खिळा काढून टाक म्हणावं, तो पोचायच्या आत… नको, नको सांगूस. तेही नको.

मी? मी कुठे जाणार? पाच वाजले. विजेता जाहीर करायचाय मला, नियम आहे तसा.

कुणासमोर काय… आहे ना दातवाला, गाडीत. त्याच्यासमोर त्याचंच नाव. काचेवर टकटक करते आणि सांगते.

ठेवते गं.