नाडी हरवलेली चिगुसा आणि डॉक्टर इनोकुमा

सन्माननीय अध्यक्ष कुरोसे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, इस्पितळातील समस्त मंडळी, आणि आज निवृत्त होत असूनही ताठ बसलेले आमचे डॉक्टर इनोकुमा साहेब, सर्वांना या चिगुसाचा वाकून नमस्कार.

साहेबांना मी सापडले कुठे? दवाखान्यात नाही, चक्क दारूच्या बैठकीत! तुमची वार्षिक सहल आमच्या गरम झऱ्यावरच्या हॉटेलात उतरली होती. सगळे डॉक्टर न्हाऊन, युकाता, म्हणजे सुती झगे, चढवून, साकेच्या तारेत. मी नवी नवरी, पेले भरत होते. साहेब फुशारकीनं म्हणाले, "नुसत्या नाडीवरून सांगतो, हिला पहिला मुलगा की मुलगी!" आणि माझं डावं मनगट धरून बोटं इकडून तिकडे चाचपत राहिले. मग म्हणाले, "नाडीच नाही."

"तुम्हाला चढलीय, सरका," दुसरे डॉक्टर म्हणाले. त्यांनाही सापडेना. मग काय, रांगच लागली! जो तो आनंदानं ओरडतोय, "नाही! खरंच नाही!" आमची आई, हॉटेलची मालकीण, कडाडली, "माझी मुलगी जरा सुस्त असेल, मेलेली नाहीये!"

साहेबांची मात्र तेव्हाच उतरली. उजव्या हाताला नाडी होती. त्यांनी विचारलं, "बारीक ताप येतो? केस विंचरताना हात भरून येतो?" आम्ही जिला सर्दी म्हणत होतो, ती हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची सूज होती. स्कॅनमध्ये डाव्या हाताकडे जाणारी रक्ताची वाट जवळजवळ बुजलेली दिसली. स्टेरॉइडनं माझं तोंड असं फुगलं की आमचे हे म्हणाले, "एका लग्नात दोन बायका मिळाल्या!"

मला एकच हवं होतं, मूल. दर वेळी विचारायचे. साहेब म्हणायचे, "थांब. सूज उतरू दे, गोळ्या कमी होऊ देत." किती रडले असेन मी! या वसंतात एकदाचे म्हणाले, "आता हरकत नाही."

आमच्यात पाचव्या महिन्याआधी असली बातमी फोडत नाहीत. इथे समोर बसलेल्या आईलाही ठाऊक नाही. पण साहेबच निघाले, मग मी थांबू कशी? साहेब, मला दिवस गेलेत!

अहो, उठू नका! काय? मीच आधी बसू? बसते, बसते. रक्तदाब सकाळीच मोजलाय, उजव्या हाताला, उत्तम आहे. आई, डोळे पूस गं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. आनंदाच्या भरात जीभ घसरली असेल तर पदरात घ्या.

काय म्हणालात साहेब? सोमवारी तपासायला येऊ? अहो, सोमवारी तुम्ही तिथे नसणार ना!

असणार?

अध्यक्ष साहेब, आता या निरोपाचं काय करायचं?