जवाईबापूनं दुकान सुधरवलं

...आता तुमीच सांगा, गिऱ्हाइकाले पाहून हसाव, हे काय कोणी शिकवाची गोष्ट आहे? पण आमचे जवाई भूपेंद्रराव, नागपूरच्या एका मोठ्या मॉलमंदी मॅनेजर, दिवाळीले पुलगावले आले आन् माह्या किराणा दुकानात उभे राहून म्हणते, "मामाजी, मोठ्या दुकानांकडून शिका. दाराशी हसून स्वागत करा, लोकांना सामान आपल्या हातानं घेऊ द्या. हे काउंटर मधात कशाला?" तुमाले सांगतो, गावात भलं मोठं दुकान झालं तवापासून माहा धंदा बसतच चालला होता, जिवाले चैन नाई, त्यात जवाई... त्यायले नाई कसं म्हणाव? शिका म्हणे. शिकलो.

काउंटर काढून परसात नेलं, रॅक लावले, टोपल्या आणल्या, आन् दाराशी मी हसत उभा. पुंडलिकराव आले, रिटायर बाबू माणूस, माह्या तोंडाकडं पाहून म्हणते, "काऊन गा कृष्णकांत, दात दुखते का?" म्या म्हटलं, हसून राह्यलो. "काऊन?" म्हटलं, जवाईनं सांगतलं. मंग त्यायनं टोपली घेऊन चकरा मारल्या, चार साबणं हुंगली, आन् रिकामी टोपली माह्या हातात दिली, "कोपर टेकवाले जागाच नाई ठेवली, माणसानं बोलाव कसं?" शिका म्हणे...

बायको सुधा म्हणे, "अहो, धीर धरा." धरला. पण लीलाबाई याचीच बंद झाली. मागच्या गल्लीतली एकटी बाई, डोयाले कमी दिसते, रोज पावभर काहीतरी घ्याले याची आन् घंटाभर बोलत बसाची. मन लागेना, गेलो तिच्या घरी. म्हटलं, "बाई, काऊन येत नाई?"

म्हणते, "आलती ना बापू. साखर म्हणून मीठ घेऊन आली, चहात टाकलं. मंग लाज वाटली. तुह्या दुकानात आता मागू कोणाले? पाकीट तं बोलत नाई."

 तडक घरी आलो. तसाच परसात गेलो, पुंडलिकरावाले हाक मारली, दोघायनं काउंटर ओढत दुकानात आणलं. दुसऱ्या दिवशी लीलाबाई आली, कोपर टेकवलं, साखर मागितली, आन् तिच्या परगावच्या सुनेचं गाऱ्हाणं सुरू झालं ते दुपार झाली तरी सरेना. सारे गिऱ्हाईक काही वापस नाई आले, खोटं काऊन बोलू, पण दुकानात आवाज आला.

संक्रांतीले भूपेंद्रराव आले. आता जवाई नाराज होते, वाटलं. त्यायनं काउंटर पाह्यलं, लीलाबाईले पाह्यलं, मोबाइलनं फोटो काढला, म्हणते, "मामाजी, आम्हीपण आता हेच सुरू करतोय. म्हाताऱ्या लोकांसाठी एक टेबल, मागं बोलायला एक माणूस. हेल्पडेस्क म्हणतात त्याला. मीच सगळ्यांना ट्रेनिंग देतोय, तुम्हीपण या."

तं सोमवारी नागपूरले जाऊन राह्यलो बाप्पा... काउंटरमागं कसं बसाव, ते शिकाले.