इंजिन गरम करायले

गोंदियाच्या आमच्या भाऊजींचं सांगतो. माझी ताई वारली, तेव्हापासून त्यांनी तिकडे लांब केशोरीला आमच्या घरी येणंच सोडलं. बोलावलं की म्हणत, "पाहू." त्यांची हायब्रीड गाडी तेवढी घरून बाजारात आणि बाजारातून घरी जायची.

गाडीला मात्र ते फार जपायचे, कारण ती ताईनं पसंत केली होती. इंजिन बरं आहे का हे कळावं म्हणून त्यांनी त्यातल्या तेलाचा नमुना नागपूरच्या लॅबमध्ये पाठवला. तिथल्या मॅडमचा फोन आला, "काका, तेलात पेट्रोल उतरलंय. गाडी लांब नेत नाही का?"

"बाजारापर्यंत नेतो. तेही बॅटरीवरच होऊन जाते."

"म्हणूनच इंजिन नीट गरम होत नाही. तेल बदला आणि अधूनमधून गाडी लांब न्या."

"लांब जायले आता माझं कोण आहे?" भाऊजी म्हणाले.

पुढच्या रविवारी गाडी आमच्या दारात. मी विचारलं, "भाऊजी, आज अचानक?"

ते खाली पाहत म्हणाले, "काही नाही, इंजिन गरम करायले आलो."

माय ओसरीवर तांदूळ निवडून राहिली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"हातपाय धुवा, जेवाले बसा," ती म्हणाली. "अन् दर इतवारी गरम करत जा जी."