अप्पाच्या वखारीचं दार

मन्मथअप्पाच्या वखारीत मी आता का जात न्हाई, इचारता व्हय? ऐका मंग.

तालुकदारसाबाच्या बंगल्याला चौकट करायची व्हती. चौकट वाकडी झाली तर साब मलाच सरळ करणार, म्हणून लाकूड निवडाया बीडला अप्पाच्या वखारीत गेलतो. एकेक लाकूड वाजवून बघितलं अन् बाजूला सारलं. हे ओलं, त्याला गाठी, ते कच्चं.

अप्पा वैतागला. "मिस्त्री, मंग हितं चांगलं हाय तरी काय?"

मी त्याच्या वखारीच्या दारालाच हात लावला. "ही तुमची चौकट. जुनं सागवान हाय. देता का?"

वाटलं, आता ह्यो हाकलून देतो. तर अप्पा हसला. "न्या की! पर बदल्यात मला नवी चौकट करून बसवा. लाकूड ह्या ढिगातलं घ्या."

मी खूष. जुनं सागवान साबाच्या बंगल्याला लागलं, वर शाबासकीबी मिळाली. अप्पाला त्याच ओल्या लाकडाची चौकट ठोकून दिली.

उन्हाळ्यात परत गेलो, तर दोन सुतार अप्पासंग भांडत व्हते. "अप्पा, लाकूड ओलं हाय!"

अप्पानं माझ्याकडं बोट केलं. "ह्यो बघा तालुकदारसाबाचा मिस्त्री. ह्या दाराची चौकट त्यानंच केली, ह्याच लाकडाची. इचारा त्याला!"

चौकट उन्हानं पार वाकली व्हती, दार आपसूक उघडत व्हतं. मी पाठीनं दार दाबून धरलं अन् म्हणलं, "लाकूड लई झकास हाय!"