फावडं कुणाचं?

नदीपलीकडच्या अमेरिकेतून पूल ओलांडून कर्टिस रोज सकाळी कॅनडातल्या या गावात कामाला येई. त्या दिवशी कॉफीच्या रांगेत त्याच्या पुढे ऑर्विल आणि लॉर्न हे दोन म्हातारे होते.

"लॉर्न, आजही पहाटेच कुणीतरी आपल्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर साचलेला बर्फ उपसून गेलाय. आठवडा झाला."

"बरं झालं की! पोरांना खेळता येतंय."

"बरं कसलं? हा पलीकडच्यांचा डाव आहे."

"एवढ्या थंडीत अमेरिकेतला माणूस आपला बर्फ कशाला उपसेल, ऑर्विल?"

"उद्या म्हणायला, की हॉकी आमची! तुमची रिंकसुद्धा आम्हीच राखतो!"

"पण पलीकडचाच कशावरून?"

"फावड्यावरून. आपण काम झालं की फावडं ढिगात उभं खोचतो, रात्रीत बर्फाखाली गडप होऊ नये म्हणून. हा शहाणा कुंपणाला टेकवून जातो."

"मग आपल्यातलं कुणी का नाही गेलं उपसायला?"

"माझी कंबर धरलीय."

"आणि बाकीच्या गावाची?"

ऑर्विलने मागे वळून पाहिलं. "काय रे, तुझ्या खांद्यावर स्केट दिसतायत. तुला कुणी दिसलं का तिथे?"

"नाही बुवा," कर्टिस म्हणाला. "मी जातो तेव्हा कुणीच नसतं."

दुसऱ्या पहाटे बर्फ उपसून झाल्यावर कर्टिसने फावडं ढिगात उभं खोचलं.

कॉफीच्या रांगेत ऑर्विल छाती काढून उभा होता.

"बघितलंस, लॉर्न? शेवटी आपलाच माणूस उठला!"