मायच्या तोंडात दुसरीचा आवाज

त्या मुंबईच्या कंपनीचं नाव काढू नको बे, चहा कडू होते. पिक्चर म्या केला, साखरखेर्ड्यात, माह्या सख्ख्या मायले घेऊन. पिक्चरमधी ती सरपंचावर भडकते, "तुह्या बापाची विहीर हाय काय बे?" एका टेकमधी ओके! अन् कंपनीनं मले न इचारता तिच्यावर दुसरीचा आवाज टाकला. फोनवर भांडलो, तर म्हने, "सर, फार गावठी वाटत होतं. आणि शेवटचा निर्णय आमचाच, करारावर तुमची सही आहे."

शेगावच्या टॉकीजमधी मायले बाजूले बसवलं. पडद्यावर तिचं तोंड हाललं, अन् आवाज आला कोन्या पुन्याच्या बाईचा, "ही विहीर तुमच्या वडिलांची आहे का?"

माय भर टॉकीजमधी उठून माह्यावर कडाडली, "काऊन रे, माही जीभ इकून आला तू?"