हुंकारा कोन देईन?

रिंकू : पण आजी, मांगच्या रविवारी तू अर्ध्या गोष्टीतून उठून काऊन गेली, तेवढं तं सांग मले.

सखू : बकऱ्यायले पाला टाकाले गेलती.

रिंकू : बकऱ्या काय पळून जात होत्या? तिकडे फोनवर चाळीसेक जण बसले होते तुले ऐकत. कोणी चंद्रपूरचं, कोणी यवतमाळचं, एक नर्स तं पुण्याहून बसते गोंडी शिकाले. अस्वलीनं पोरीले गुहेत नेलं, एवढं म्हणली तू, अन् उठली. मी फोन धरून पाह्यतच राह्यली. पहिल्यांदाच असा क्लास घेऊन राह्यली मी आजी. लाज वाटली मले.

सखू : बसेल होते? खरंच बसेल होते?

रिंकू : मंग!

सखू : मले वाटलं निजले सारे.

रिंकू : चेहरे दिसत नव्हते का तुले स्क्रीनवर?

सखू : दिसत होते. पोस्टाची तिकिटं लावल्यासारखे इवले इवले चेहरे. एक बाई नुसती माह्याकडं टकटक पाहे. पन हुंकारा? एकानं तरी हुंकारा देल्ला का? मी म्हनलं, पोरगी मोह वेचाले गेली. गपचिप. मी म्हनलं, वाट चुकली. गपचिप. मी म्हनलं, अस्वल आली. तरी गपचिप! मंग मी काय भिताडाले सांगू गोष्ट? पालथ्या घड्यावर पानी. उठली अन् गेली.

रिंकू : अगं माय वं! हुंकाऱ्यासाठी उठली तू?

सखू : हसतं काऊन? गोष्ट एकट्याची नसते पोरी. एकानं सांगाव, एकानं हूं म्हनाव. हूं नाई आला तं समजाव का आयकनाऱ्याले झोप लागली, नाई तं त्याले गोष्ट पटली नाई. आपून गप बसाव. माही माय असंच करे, तिची माय बी असंच करे.

रिंकू : ते झोपले नव्हते आजी. मीच सगळ्यांले म्यूट करून ठेवलं होतं.

सखू : मूठ?

रिंकू : म्यूट. म्हणजे त्यांचा आवाज इकडे येत नाही. तुझा तिकडे जाते, त्यांचा बंद.

सखू : म्हंजे तू चाळीस लोकायच्या तोंडात बोळे कोंबले अन् मले म्हनतं गोष्ट सांग!

रिंकू : क्लासमध्ये असंच करतात. नाही तं कोणाची कुकरची शिट्टी, कोणाचा टीव्ही. बाबा, तुमी तरी समजवा ना तुमच्या मायले.

नत्थू : मले नको घेऊ मधात. मी बाज विनून राह्यलो. दोरी ढिली पडली का आज रात्री बुढीच खाली येईन.

सखू : याले इचारून काय फायदा? याले कायच्यात रस हाय?

नत्थू : रस कायचा? गोंडी शिकून कोन नोकरी देऊन राह्यलं? डीएड करून राह्यली पोरगी, तं डीएडचा अभ्यास कराव. रविवार आला का फोन अन् बुढी, बुढी अन् फोन.

रिंकू : नोकरीवाल्याच शिकून राह्यल्या बाबा. मयुरी मॅडम आहे ना, आंजी गावची, तिले मास्तरकी लागली तिकडे गडचिरोलीकडच्या एका खेड्यात. पहिलीचा वर्ग. पोट्टे सारे गोंडीच बोलतात घरी. अन् हिले मराठीबिगर काही येत नाही. थांबा, तिनं सकाळी काय पाठवलं ते वाचून दाखवतो. "रिंकू, आजीची अर्धी गोष्ट मी जशी जमली तशी वर्गात सांगितली. चुकतमाकत सांगितली, पोरं हसली मला. पण हसली ना! दिवाळीपासून जी पोरगी एक शब्द बोलली नव्हती, तिनं माझा पदर ओढला आणि विचारलं, पुढे काय. मला पुढचं येत नाही. उद्या सोमवार. आजीला माझ्याकडून पाया पडून सांग."

सखू : कोनाची म्हनली ही पोरगी?

रिंकू : आंजीच्या खोब्रागड्यांची. बौद्ध घरची आहे. तिच्या घरी कोणाच्या पिढीत गोंडी नाही.

सखू : अन् पाया पडते म्हनते माह्या?

रिंकू : फोनवरून.

सखू : मंग ते यूटूब का काय, त्याच्यात नाई का पाहत? तूच म्हनतं, त्याच्यात सारं भेटते. वडे कसे कराचे तेबी भेटते, गाय कशी व्याते तेबी भेटते.

रिंकू : शोधलं ना तिनं. मीबी शोधलं. नाही भेटत. आजी, ही गोष्ट तुझ्याजवळच आहे. तू नाही सांगितली तं ती पोरगी परत गप बसीन. मले तेच भेव वाटून राह्यलं.

नत्थू : काऊन बोलत नाई ते पोट्टे शाळंत? मारते का ते मॅडम?

रिंकू : नाही हो. ती कायले मारते? त्यांले मराठी समजत नाही, म्हणून गप बसतात. तीच आता त्यांची भाषा शिकून राह्यली.

नत्थू : मास्तरीन शिकून राह्यली?

रिंकू : हो.

नत्थू : पोट्ट्यायची?

रिंकू : हो बाबा. तेच तं सांगून राह्यली ना मी.

नत्थू : अजब हाय. आमच्या वक्ताले तं उलटं होतं.

सखू : याच्या वक्ताचं काय सांगू तुले. याले पानी पाह्यजे होतं वर्गात, मराठीतून मांगता नाई आलं. गोंडीत मांगतलं, तं सारा वर्ग हासला. घरी आला अन् म्हनते, माय, आजपासून माह्यासंग तसं बोलू नको. एवढासाक होता. मंग मीबी मराठीच बोलू लागली त्याच्यासंग. माह्या जिवाले लय लागलं ते, पन पोराचं भलं व्हाव म्हनून बोलली.

नत्थू : जाऊ दे ना माय. छोड ना ते.

सखू : सोडलंच हाय. म्हनून तं पोरगी फोनवर शिकून राह्यली.

रिंकू : आजी, दिवे लागले. दिवसा गोष्ट सांगणार नाही म्हणली म्हणून मी क्लासच संध्याकाळी ठेवला. आता नको रुसू. हे पाह्य, लिंक सुरू केली. येऊन राह्यले लोक. आज मी सगळ्यांचे आवाज खुले ठेवतो, मंग तं झालं? सेवा जोहार सगळ्यांले! आज माइक सुरू ठेवा. आजी थांबली का हुंकारा द्या. समजलं ना? हूं म्हणाचं.

सखू : हा कायचा आवाज?

रिंकू : नर्सबाईच्या शेजारी बोअर मारून राह्यले.

सखू : अन् हे भुंकलं कोन?

रिंकू : यवतमाळचं कुत्रं. तू सांग.

सखू : बरं. अस्वलीनं पोरीले गुहेत नेलं. ... आला का हुंकारा?

रिंकू : येऊन राह्यला. थांब.

सखू : गुहेत मध होता. ... आता आला! पन हा तं गुहेचा हुंकारा हाय, मधाचा नाई. मांगून येऊन राह्यला. रिंके, मी पोरगी मेली म्हनीन तवा हे मधाचा हुंकारा देतीन. हे चालत नाई बाई. अन् एक जन तं चार-चार बार हूं म्हनून राह्यला, त्याले काय झालं?

रिंकू : नेटवर्क आहे ते. आवाज थांबून थांबून जाते.

सखू : सारा दोष नेटवर्काचाच असते तुमचा. नाचता येईना अंगन वाकडं.

रिंकू : बरं, मी परत बंद करतो सगळ्यांले. मी बसतो तुझ्याजवळ, मी देतो हुंकारा. सांग. मी इकडूनच म्हणतो.

सखू : अस्वलीनं पोरीले

रिंकू : हूं.

सखू : अवं, पुरं तं होऊ दे! अस्वलीनं पोरीले मध चारला

रिंकू : हूं, हूं.

सखू : अन् पोरगी माय माय करून रडली

रिंकू : हूं!

सखू : रडली म्हनलं मी! अन् तू तं लगनात पंगत बसल्यावानी हूं म्हनून राह्यली. बाई, तू शब्द शिकली, पन गोष्ट नाई आयकली कधी. समजते त्यालेच हुंकारा देता येते. माही जोडीदारीन देवकाबाई होती तवा ती देत होती. ती गेली अन् माह्या गोष्टी बी कोंडून बसल्या. कोनाले सांगू?

रिंकू : मंग आज काय सांगू मी लोकांले? मयुरी मॅडम मुद्दाम डोंगरावर जाऊन बसली, तसं लिहिलं आहे तिनं, तिथंच रेंज भेटते तिले. अंधार पडून राह्यला तिकडे. आजी, माय मही, एकडाव सांग.

सखू : मले काय सांगाव नाई वाटत का? मन भरून येते सांगाले. पन कोनासमोर, हे तं सांग मले.

नत्थू : सरका तिकडं.

रिंकू : काय झालं?

नत्थू : सरक म्हनलं ना. बाजंच्या पायाशी बसतो मी. मी देतो हूं. पन पयलेच सांगतो माय, मले काई समजनार नाई. सारं इसरलो मी. नुसतं हूं म्हनतो, तू सांगत राह्य.

सखू : समजल्याबिगर देशीन तं मले कळीन.

नत्थू : कळू दे. ते पोट्टं उद्या वर्गात वाट पाहीन ना. सांग.

सखू : फोनात पाहाचं का तुह्याकडं पाहाचं?

नत्थू : कुठीबी पाह्य. सांग म्हनलं तं.

[क्लासात सांगते तशी इथून सखू गोंडीत सांगते. तिचं आणि नत्थूचं बोलणं वाचणाऱ्यासाठी मराठीतच ठेवलं आहे.]

सखू : अस्वलीनं पोरीले गुहेत नेलं.

नत्थू : हूं.

सखू : मधाचं पोळं तोडलं, पोरीच्या हातात देल्लं.

नत्थू : हूं.

सखू : पोरगी घराकडं तोंड करून रडली.

नत्थू : ... हूं.

सखू : पन भूक कोनाले सोडते? खाल्ला तिनं मध. रोज खाल्ला. बोटं चाटली, तळहात चाटला, अस्वलीच्या पोटाले टेकून निजली. अस्वल बी चांगली होती बापा, वाईट नोती.

नत्थू : हूं, हूं.

सखू : उन्हाळा गेला. पावसाळा गेला. पोरीच्या हातावर बारीक बारीक केस उगोले.

नत्थू : हूं...

सखू : पाह्य! कसा बरोबर जागी पडला. इसरलो म्हनते लेकाचा!

रिंकू : आजी, थांबू नको. मयुरी मॅडमनं लिहिलं, "हे कोण देतंय? याच्यामुळे मला समजतंय."

सखू : एक दिवस मोहाच्या झाडाखाली तिच्या गावच्या बाया आल्या. हासत होत्या, टोपल्या भरत होत्या. अस्वल म्हने, जातं का पोरी? तुह्ये लोक आले. मी अडवत नाई.

नत्थू : हूं.

सखू : पोरगी धावत निंगाली. बायायच्या समोर उभी राह्यली. आपलं नाव सांगाले तोंड उघडलं. अन् तोंडातून निंगालं ते अस्वलीचं घुरघुरनं.

नत्थू : ...

सखू : बाया घाबरल्या. टोपल्या टाकून पळाल्या. पोरगी एकटीच उभी राह्यली झाडाखाली.

नत्थू : ...

सखू : काऊन रे? दे ना हुंकारा. कंटाळला का?

नत्थू : माय, अन् तिची माय? त्या बायायमंदी तिची माय नोती का?

रिंकू : बाबा! तुमी गोंडीत बोलले!

सखू : गप वं तू. नको टोकू त्याले. होती रे बापा. साऱ्या पळाल्या, ती एकटी झाडामांगं थांबली होती. आयक आता पुढं.